पांढऱ्या पाणमांजरीचे कातडे

एका राज्यात थंडी अशी कडक पडे, की दिव्यांच्या ज्योती थिजत आणि दासी त्या परडीत वेचून अंगणात ओतत. तिथल्या राजा कुमुदसेनाने मल्हण सरदाराला बोलावले. म्हणाला, "पश्चिमेला नीलवाहा नदी आहे. तिथल्या पाणमांजरांची कातडी फार उबदार. तिथे गाव वसव. कातडी पाठव."

मल्हण चाळीस कुटुंबे घेऊन निघाला. डोंगर ओलांडेपर्यंत धान्य संपले, आणि मुले बैलांच्या जुवाचे पट्टे उकडून खाऊ लागली. तेव्हा नदीचे मूळ रहिवासी, जळवासी, सालीच्या होड्या वल्हवत आले. त्यांची मुखीण सोमारी उंच, पिकल्या केसांची होती.

"किती माणसे?" तिने विचारले.

"एकशे साठ."

"मग सुके मासे पुरतील. कंदही आहेत. उतरा."

त्या हिवाळ्यात एकही माणूस दगावला नाही. कोणत्या सालीने ताप उतरतो, बर्फावर कसे चालावे, सारे जळवासींनी शिकवले. वसंत आला आणि मल्हण हे विसरला. त्याच्या माणसांनी कुंपणे घातली. राजाचा मांत्रिक भस्मांग याने लोखंडी सापळे पाठवले. ते प्राण्याला नावाने हाका मारत. तिसऱ्या वर्षी एका हाकेला पांढरी पाणमांजरी आली. ती नदीची आई होती.

तिचे कातडे राजाकडे रवाना झाले, त्याच दिवशी नीलवाहा थांबली. पाणी दिसे, पण ओंजळीत घेताच त्याची वाळू होई. गुरे मरू लागली. जळवासींनी होड्या खांद्यावर घेतल्या आणि घरे आवरायला काढली.

मल्हणाच्या कुंपणावर एक खंड्या पक्षी बसला होता. तो म्हणाला, "मल्हणा, तीन कामे कर. कातडे परत आण. कुंपणे उपट. आणि जिचे अन्न खाल्लेस, तिच्याकडे राहण्याची परवानगी माग. ती नाही म्हणाली, तर निघून जा."

मल्हण दरबारी पोचला. राजा पांढरे कातडे पांघरून बसला होता, आणि त्याच्याही पेल्यात वाळूच होती. तरी थंडीच्या भयाने तो ते सोडीना.

"बदल्यात काय देशील?"

"सरदारकी, महाराज."

राजाने त्याची तलवार काढून घेतली आणि कातडे दिले.

दुसरे काम कठीण निघाले. "ही शेते आमच्या घामाची आहेत," लोक म्हणाले, आणि मल्हण एकटाच खुंट उपटू लागला. त्याचे तळवे फाटले. दुपारी येसाई नावाची विधवा पदर खोचून आली. "माझी दोन लेकरे त्यांच्या माशांवर जगली," ती एवढेच बोलली आणि खुंटाला भिडली. मग एकेक जण उठला.

तिसऱ्या कामाला मल्हण सोमारीपुढे गेला आणि कातडे तिच्या हाती दिले. तिने ते छातीशी धरले. बराच वेळ ती रडली.

"माते, आम्ही तुमचे अन्न खाल्ले आणि आभार मानले नाहीत. आज मानतो. तुमच्या भूमीवर राहू का? नाही म्हणालात, तर उद्या बैल जुंपतो."

"हे आल्या दिवशी विचारायचे होते."

"होय."

सोमारीने मागे पाहिले. येसाईची लेकरे जळवासींच्या मुलांबरोबर पालथ्या होडीखाली बसली होती.

"पूर्वेचा काठ राहण्यापुरता तुमचा," ती म्हणाली. "पश्चिमेचा आमचा. सापळा कुठल्याही काठावर नको."

तिने कातडे वाळूवर ठेवले. ते ओले झाले, फुगले, श्वास घेऊ लागले. पांढऱ्या पाणमांजरीने अंग झाडले, सूर मारला, आणि नीलवाहा वाहू लागली. सापळे गंजून मातीत गेले, त्यांच्याबरोबर भस्मांगाची विद्याही गेली. सोमारीने राजासाठी पाणकणसाच्या कापसाची रजई धाडली. राजा त्या रजईत घामाघूम झाला, आणि त्याने मल्हणाची तलवार सन्मानाने परत पाठवली. मल्हणाने तिचा नांगराचा फाळ करून घेतला.

पूर्वेच्या काठावरची मुले आजही पोहण्याआधी जळवासींची भाषा शिकतात. नदीत उतरण्यापूर्वी तिथे विचारावे लागते, आणि उत्तर समजावे लागते.