अण्णाची कोरफड

"दिवसातून तीनदा पाणी घालतो, अप्पा. तरी ही मरतेय कशी?"

रेवणनं रंगाचा जुना डबा मठाच्या पायरीवर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. डब्यातली कोरफड एका अंगावर कलंडली.

टेकडीवरच्या त्या मठात अप्पा एकटेच राहत. वय ऐंशीच्या पुढं. कुणाचं गुरू आजारलं, कुणाचं झाड वाळलं, कुणाचं मन उठलं, की लोक टेकडी चढून यायचे. अप्पा औषध देत नसत. फार बोलतही नसत. तरी लोक यायचे.

अप्पांनी डब्याकडं पाहिलं. मग रेवणकडं.

"कुणाची?"

"अण्णाची. थोरल्या भावाची."

"तो कितीदा पाणी घालायचा?"

"आठवण आली तर!" रेवणचा आवाज चढला. "वेल्डिंगचं दुकान त्याचं. ठिणगी लागली की पात मोडायची, गर चोळायचा, झालं. महिना महिना थेंब नाही, तरी ही खिडकीत हिरवीगार. अन् मी दीड महिना लेकरासारखं बघतोय, तर ही सडायला लागली. माझ्यावर राग धरलाय का हिनं?"

"अण्णा कुठं आहे?"

"गेला."

…

अप्पांनी डबा उलटा केला. मातीऐवजी चिखल ओघळला आणि कुजका वास पडवीभर पसरला. डब्याच्या बुडाला एकही भोक नव्हतं. मुळं काळी पडलेली. बोट लावलं की लगदा.

अप्पा आत गेले, भाजीची सुरी घेऊन आले आणि मुळं कापायला लागले.

"अहो!" रेवण पुढं धावला. "मुळंच कापल्यावर राहिलं काय?"

"राहिलं ते राहिलं."

आतलं पांढरं, घट्ट खोड दिसेपर्यंत ते कापत गेले. मग त्यांनी वाशाला सुतळी बांधली आणि कोरफड उलटी टांगली. बुडखा वर, पाती खाली.

रेवण बघतच राहिला.

"दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या दाराला टांगतात, तशी टांगली तुम्ही हिला?"

"तशीच."

"मी दृष्ट काढायला नाही आलो, अप्पा! माती द्या हिला. पाणी द्या."

"दाराला टांगलेली कोरफड किती दिवस जगते रे?"

अण्णाचं दुकान आता रेवणच चालवत होता. त्या दुकानालाही वर्षभर एक टांगलेली होती. तिच्याकडं त्यानं कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

"रोज येत जा," अप्पा म्हणाले. "बघत बस."

"अन् पाणी?"

"पाणी नाही."

हे दोन शब्द ऐकले आणि रेवणचा बांध फुटला.

"पाणी नाही, पाणी नाही! दवाखान्यातही हेच म्हणत होते सगळे. अण्णाच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत थेंब द्यायचा नाही, दिलं तर टाके उसवतील. भर दुपार. अण्णा म्हणाला, रेवण्या, एक घोट दे. बाटली माझ्या मांडीवर होती, अप्पा. भरलेली. मी नाही दिली. कापूस भिजवून ओठाला लावला नुसता. तो माझ्याकडं बघत राहिला… दिवस मावळायच्या आत गेला."

अप्पांनी सुरी पुसून खाली ठेवली.

"जाणारच होता तर घोटभर प्यायला असता! कोरड्या घशानं पाठवलं मी त्याला."

वाऱ्यानं सुतळी हलली. कोरफड स्वतःभोवती एक गिरकी घेऊन थांबली.

"उद्या ये," अप्पा म्हणाले.

रेवण तरातरा टेकडी उतरला. पुन्हा यायचं नाही असं खालच्या ओढ्यापर्यंत त्यानं पक्कं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला.

तिसऱ्या दिवशी अप्पा आत असल्याचं पाहून त्यानं रांजणात बोटं बुडवली आणि पातींवर हळूच पाणी शिंपडलं. अप्पा बाहेर आले. कोरफडीखालच्या जमिनीवर चार ओले ठिपके होते.

"घाम आला वाटतं हिला."

रेवणनं मान खाली घातली. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं एकेक पात पुसून काढली आणि आपल्या जागी जाऊन बसले.

दिवस गेले. रेवण दुकान बंद करून यायचा, पडवीत बसायचा, बघायचा. पाती थोड्या सुरकुतल्या. रंग मळका झाला. त्याला वाटायचं, संपलं. मग वाटायचं, अजून नाही. कधी तो अप्पांवर चिडायचा, कधी अण्णावर. पण नजर काढायचा नाही. एकदा तर तो तासभर काहीच न बोलता बसला. तसा तो जन्मात बसला नव्हता.

अठराव्या दिवशी तो पायरीवरच थबकला.

पातींची टोकं वळली होती. जमिनीकडं लोंबणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या पातींनी खालून वळसा घेऊन माना आभाळाकडं उचलल्या होत्या. अन् वर, जिथं सुरी फिरली होती त्या सुकलेल्या कापावर, दोन पांढरी मुळं डोकावत होती. तांदळाच्या कण्यांएवढी.

माती नाही. पाणी नाही. चारी बाजूंनी नुसती हवा.

रेवणला श्वास सोडायचीही भीती वाटली. तो गुडघ्यावर बसला.

"अप्पा…"

"हं."

"वर कुठं अन् खाली कुठं, हे हिला कोण सांगतं?"

"मला अजून कळलं नाही."

"अन् ही इतके दिवस काय पिऊन राहिली?"

"होतं तिच्याजवळ."

"कुणी दिलेलं? अण्णानं? तो तर कधी…"

"बोलू नको. बघ."

उन्हं उतरली. पातींच्या काट्यांवर थोडा उजेड रेंगाळला, मग तोही गेला. रेवणच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी त्याला डबा धुवून आणायला सांगितला, खिळा आणि हातोडी पुढं ठेवली. रेवणनं बुडाला पाच भोकं पाडली. खाली विटांचे तुकडे घातले, वर वाळू मिसळलेली माती. कोरफड सरळ बसली.

"आता पाणी?"

"आठ दिवस नाही. कापलेलं वरून सुकलंय, आतून अजून ओलं आहे."

या वेळी रेवण चिडला नाही.

आठ दिवसांनी अप्पांनी मातीकडं बोट केलं. "बोट घाल. दोन पेरं आत."

रेवणनं घातलं.

"काय लागतं?"

"कोरडं. पार खालपर्यंत."

"मग दे. पण चमचा चमचा देऊ नको, नीट पोटभर दे. खालून निघालं की थांब. त्यानंतर माती पुन्हा अशीच कोरडी होईस्तोवर विसरायचं."

"विसरायचं?" रेवण पुटपुटला. "विसरायचं कसं, अप्पा?"

अप्पा उठले, भरलेला तांब्या त्याच्या हातात दिला आणि पाठ फिरवून खांबाशी बसले.

रेवणनं तांब्या कलता केला. धार बारीक होती. माती प्यायली. आणखी प्यायली. त्याचे ओठ हलायला लागले. "पी," तो म्हणत होता, "पी, अण्णा, पी…" धार मोठी झाली.

डब्याखालून पहिला थेंब पायरीवर पडला. मग दुसरा.

धार थांबली.

तांब्यात पाणी शिल्लक होतं. रेवण त्या पाण्याकडं बघत होता. मग कोरफडीकडं. मग पुन्हा पाण्याकडं. अंगातलं सगळं बळ लावून तो तांब्या सरळ धरून उभा होता, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

अप्पांनी मागं वळून पाहिलं नव्हतं.

"का थांबलास?"

"आणखी…" रेवणनं डब्याकडं बोट केलं. "आणखी सोसलं नसतं तिला."

टेकडीखालून शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या आणि लांब गेल्या.

अप्पा गुडघ्यावर भार देऊन उठले. जवळ आले. तांब्या काढून बाजूला ठेवला आणि रेवणचा ओला, काजळलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"दवाखान्यातही हाच हात होता की."