कुरतूच्या गाडीचं चाक

एक होता उंदीर. नाव त्याचं कुरतू.
कुरतूकडे होती काड्यापेटीची गाडी. गाडीत बसायची मिटकी. मिटकी म्हणजे त्याची तान्ही बहीण. तिला अजून चालता येईना. गाडी निघाली की मिटकी खूश!

एक दिवस काय झालं? गाडीचं एक चाक निखळलं. गडगड गडगड... गटारात डुबुक!
मिटकीने भोकाड पसरलं. भ्यॅंऽऽ!
"रडू नको गं. आणतो मी चाक," कुरतू म्हणाला.

कुरतू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.
गेला गजूकाकांकडे. गजूकाकांनी भंगारातून एक मशीन आणलं होतं. लाकूड गरगर फिरवून गोल करायचं मशीन. इतकं म्हातारं, इतकं म्हातारं, की सगळे त्याला म्हणायचे लेथआजोबा! काकांनी आजोबांना घासलं, पुसलं, हिरवागार रंग फासला. हार घातला. नारळ फोडला. गल्लीभर पेढे वाटले. पण आजोबा ढिम्म!

"काका, काका, चाक करा ना!"
काका म्हणाले, "मी नाही जा! आजोबा फिरले तर करीन."

कुरतू गेला आजोबांकडे. टुणुक टुणुक.
"काका करेनात,
चाक काही मिळेना!
आजोबा, आजोबा, फिरा ना!"
आजोबा म्हणाले, "मी नाही जा! हाडं करकरतात माझी. तेल आलं तर फिरेन."

कुरतू गेला तेलाकडे. टुणुक टुणुक.
"काका करेनात,
आजोबा फिरेनात,
चाक काही मिळेना!
तेला, तेला, आत शिर ना!"
तेल म्हणालं, "मी नाही जा! शिरू कुठून? तेलाच्या भोकावर रंग बसलाय. रंग निघाला तर शिरेन."

बघा! भोकावरच रंग! काय म्हणावं या काकांना?

कुरतू गेला रंगाकडे. टुणुक टुणुक.
"काका करेनात,
आजोबा फिरेनात,
तेल शिरेना,
चाक काही मिळेना!
रंगा, रंगा, निघ ना!"
रंग म्हणाला, "मी नाही जा! इतका देखणा मी, आपणहून हलू? पॉलिश पेपरने घासलं तर निघेन."

कुरतू गेला पेपरकडे. टुणुक टुणुक.
"काका करेनात,
आजोबा फिरेनात,
तेल शिरेना,
रंग निघेना,
चाक काही मिळेना!
पेपर, पेपर, घास ना!"
पेपर म्हणाला, "मी नाही जा! मला हात आहेत का पाय? काकांनी धरलं तर घासीन."

म्हणजे पुन्हा काकाच! कुरतू दमला. पाय दुखले. पण मिटकी रडत होती ना! टुणुक टुणुक.
"काका करेनात,
आजोबा फिरेनात,
तेल शिरेना,
रंग निघेना,
पेपर घासेना,
चाक काही मिळेना!
काका, काका, पेपर धरा ना!"
"काय? माझ्या नव्या रंगाला ओरखडा? मी नाही जा! जा!"

आता कुरतू चिडला. तडक गेला स्वयंपाकघरात. तिथे नलूकाकू पोळ्या लाटत होत्या. कशाने? बाटलीने!
"ईऽऽ! उंदीर!" काकू टुणकन स्टुलावर.
"काकू, काकू, ऐका ना!
काका करेनात,
आजोबा फिरेनात,
तेल शिरेना,
रंग निघेना,
पेपर घासेना,
काका ऐकेनात,
चाक काही मिळेना!"

"कुठला रंग?"
"तेलाच्या भोकावरचा."
"भोकावर फासला? आणि मला म्हणाले, मशीन फिरलं की लाटणं करून देतो! चार महिने झाले! अहो! इकडे या आधी! आजोबा फिरेपर्यंत पोळी बंद!"
"अगं, पण..."
"पोळी बंद!"

काकांचं पोट म्हणालं, गुर्रर्र.
मग काय!
काकांनी धरला पेपर. पेपरने घासला रंग, खरर खरर. रंग निघाला, भोक उघडलं. तेल शिरलं, टिप टिप. आजोबा फिरले, घर्रर्र घर्रर्र!
काकांनी काकूंचं लाटणं केलं. "याला रंग लावलात तर बघा!" काकू म्हणाल्या.
मग काकांनी चाक केलं. एवढंस्सं, गोल गोल. वर लालचुटुक रंग. वा!

कुरतूने मिटकीला आणि गाडीला काकांकडे आणलं. चाक गाडीला लावलं. बसेना. ढकललं. बसेना. का बसेना?
काकांनी चाकाच्या भोकावरही रंग फासला होता!
काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी वर पंख्याकडे बघितलं.
"राहू द्या काका," कुरतू म्हणाला. त्याने आपले दात लावले. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र. उघडलं भोक! बसलं चाक!

मिटकी बसली गाडीत. रडणं बंद! गडगड गडगड निघाली गाडी.
गाडी गेली घरी, चला पोळी खाऊ गरम गरम!