घुशीचं पिंपळपान

ज्या काळी दगडांनाही तोंड होतं, तेव्हाची गोष्ट. एका काळ्या दगडात तीन किरणभाऊ राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चटके द्यायचे. शेजारच्या बिळातली घूस मात्र पक्की हुशार. धाकटा गॅमा भिंतीतूनही आरपार जातो, म्हणून तिनं शिशाची जाडजूड वीट ओढून आणली. मधल्या बीटासाठी पत्र्याचा तुकडा पुरला. थोरला आल्फा अंगानं दांडगा, पण चार बोटं चालला की दमायचा. त्याच्यासमोर तिनं नुसतं पिंपळाचं पान धरलं आणि तो तिथंच अडकला.

"एवढा पैलवान गडी, आणि पानाला हरला?" घूस रोज पान नाचवत त्याला चिडवायची.

आल्फा नुसता हसायचा.

एके दिवशी तो दगडाच्या धुळीसोबत बिळासमोरच्या शेंगदाण्यावर जाऊन बसला. घुशीनं वीट पाहिली, पत्रा पाहिला, पान सरळ केलं आणि निश्चिंत होऊन दाणा न झटकताच गिळला.

पोटात कळ आली तशी ती दचकली. "कोण आहे आत?"

"मीच, घूसताई," आतून आल्फा आरामात म्हणाला. "आता पान कुठं धरता?"