मानेतला उजेड

"पण बाई, यात अजून बघायचं काय राहिलंय?"

शिकाऊ डॉक्टर हेमांगने तिसऱ्यांदा विचारलं. खुर्चीत त्याचा पाय सारखा हलत होता.

पडद्यावर सात वर्षांच्या कस्तुरीचा स्कॅन होता. इंजेक्शनातून दिलेली साखर शरीर जिथे जास्त जाळतं, तिथे उजेड दिसतो. कॅन्सर साखर जाळतो. कस्तुरीचे उपचार नुकते संपले होते, आणि तिच्या मानेच्या दोन्ही बाजू दिवे लावल्यासारख्या उजळल्या होत्या.

"रोग उलटलाय. आता कडक औषधं सुरू करावी लागणार. तिचा बाप बाहेर उभा आहे. रिपोर्ट टाइप केलाय, तुमची फक्त सही..."

डॉ. इंदुमती केळुस्कर, सगळ्यांच्या बाई, तीस वर्षं मुलांचे स्कॅन वाचत होत्या. त्यांनी रिपोर्टकडे पाहिलं नाही. पडदाच बंद केला.

"कोट काढ."

"आँ?"

"काढ आणि चल."

इंजेक्शननंतर मुलांना निजवतात त्या खोलीत त्यांनी त्याला नेलं. एसी भणभणत होता.

"झोप तिथे. बोलायचं नाही, हलायचं नाही."

"किती वेळ?"

"मुलांना किती सांगतोस?"

"एक तास..."

"मग?"

हेमांग सुवर्णपदकवाला. तो चडफडत आडवा झाला. बाहेर बाप ताटकळतोय आणि बाईंना खेळ सुचतोय!

वीस मिनिटांत त्याचे खांदे कानांना टेकले. दात वाजायला लागले. तो उठून बसला.

"गारठलो, बाई!"

"तुझ्या अंगात शर्ट तरी आहे. तिच्या काय होतं?"

स्कॅन त्याने चारदा पाहिला होता. कस्तुरीला एकदाही नाही.

तो बाहेर गेला. बाप उदगीरचा शिंपी. झटकन उभा राहिला.

"बिनबाह्यांचा फ्रॉक, साहेब. स्वेटर मीच काढला. चेन होती ना त्याला, आन् धातूचं काही नको म्हणले. पांघरूण मागणार होतो, पण म्हणलं फोटो बिघडंल... कुडकुडलं लेकरू, पण हललं नाही. काय निघालं?"

"अजून... बघतोय."

गारठलं की लहान मुलांच्या मानेतली चरबीसुद्धा ऊब आणायला साखर जाळते. हेमांगला ते तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. तो मान खाली घालून आत आला.

"म्हणजे रोग नाहीच, बाई?"

"मी म्हटलं?"

"मग आहे?"

"तेही म्हटलं?"

आठवड्याने कस्तुरीला परत बोलावलं. एसी बंद. दोन ब्लँकेटं. हेमांगने स्वतः तिचे पाय झाकले.

पडद्यावर मान आली. दोन्हीकडचा उजेड विझला होता.

हेमांग उडालाच. "गेलं, बाई! सगळं गेलं! सांगून येतो त्याला..."

तो दारापर्यंत पोचलाही.

"बस."

बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. डाव्या जबड्याखाली हरभऱ्याएवढा एक ठिपका. मागच्या झगमगाटात तो दिसलाच नव्हता.

हेमांग बसेना. खुर्चीमागे येरझाऱ्या घालू लागला.

"एवढासा तर आहे. दात किडला तरी असं दिसतं."

"दिसतं."

"लिहिलं तर सुई घालून तपासावं लागेल. आठ दिवस त्या माणसाला अन्न गोड लागलेलं नाही, बाई. आता कुठे..."

बाईंनी ठिपक्यावरचं बोट काढलं नाही.

"त्याच्यासाठी... नाही लिहिलं तर?"

बाईंनी आपली खुर्ची मागे सरकवली आणि हेमांगची पडद्यासमोर ओढली.

"त्याच्यासाठी लिहायचं असेल तर त्याचा स्कॅन काढ. हा कस्तुरीचा आहे."