इल्वाराच्या नावाचा हेल

एका राज्यात, जिथं समुद्र थेट डोंगरांच्या पोटात शिरला होता, माणसं बोलायची ती गाणं म्हटल्यासारखी. प्रत्येक शब्दाला हेल: आधी आघात, मग चढ, मग उतार. नावांचे हेल तर ज्याचे त्याचे वेगळे. धुक्यात होड्या अडकल्या की बायका काठावरून नवऱ्यांना नावानं पुकारत. लाटांत अक्षरं विरत, हेल तेवढा पोचे, आणि त्याच्या मागानं होडी घरी येई.

राजाला मात्र या हेलांची कटकट वाटे. बसल्या जागी दुसरं काय सुचणार म्हणा. त्यानं एका चेटक्याला फर्मावलं, "सर्वांना सरळ बोलायला लाव." चेटक्यानं राज्यातले सगळे हेल एका पेटीत कोंडले. त्याच आठवड्यात धुकं उतरलं. सात होड्या समुद्रात, एकीत इल्वाराचा नवरा हाल्वोर. तीन दिवस तिनं घसा फोडून हाका मारल्या. एकही पोचली नाही. मग ती राजाकडे गेली.

"चूक माझी," राजा ओशाळून म्हणाला. "पण चेटक्या आता माझंही ऐकत नाही."

"तुमच्या भरवशावर कोण बसतंय?" इल्वारा म्हणाली आणि निघाली.

वाटेत एक कुरव पक्षी भेटला. पाखरांवर राजाचा हुकूम चालत नाही, त्यामुळे त्याचा हेल शाबूत होता. "मी येतो," तो म्हणाला, आणि तिला चेटक्याच्या गुहेत घेऊन गेला.

"पेटीला तीन कुलपं आहेत. खुशाल उघड," चेटक्या म्हणाला.

पहिलं आघाताचं. इल्वारानं कणकेवर हाणावी तशी मूठ हाणली, ते उघडलं. दुसरं चढाचं. कुरव ओरडत वर झेपावला, तेही उघडलं. तिसरं उताराचं, ते हलेना.

"त्याला एका नावाचा हेल द्यावा लागतो," चेटक्या म्हणाला. "कायमचा."

हाल्वोरचा दिला तर तो परतणार कसा? इल्वाराला भीती वाटली, पण ती म्हणाली, "माझा घे."

पेटी उघडली. इल्वारा काठावर परतली आणि सगळ्या बायकांनी हाका मारल्या. सातही होड्या आल्या. राजानं सर्वांसमोर माफी मागितली आणि हेलांना पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घेतली.

हाल्वोर उतरला. गर्दीत इल्वारा पाठमोरी उभी होती. त्यानं हाक मारली, "इल्वारा." नाव सपाट निघालं. तिला ते आपलं वाटलंच नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. ती दुसरीकडेच त्याला शोधत राहिली. त्याला रडू आलं.

मग तो म्हणाला, "अगं..."

ती लगेच वळली.