शेपूसाठी बत्तीस अंश

पिंपळथडी नावाच्या गावात एक भोळा द्राक्षवाला राहत होता. त्याचं नाव रंभाजी. बाग चांगली, बायको हुशार, मुलगी तिच्याहून हुशार. घरातला भोळेपणा तेवढा त्यानं एकट्यानं सांभाळला होता. कोणी काही सांगितलं की तो तसंच्या तसं करी, आणि एकदा ऐकलेलं कधी विसरत नसे. सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होत.

मुलगी प्रांजल परभणीला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. दिवाळीत घरी येताना तिनं काचेच्या पेटीतून एक इग्वाना आणला. इग्वाना म्हणजे परदेशी सरडा. हातभर लांब, हिरवागार, गळ्याखाली लोंबती कातडी आणि पाठीवर कंगव्यासारखे काटे. नाव शेपू. वसतिगृहाच्या बाई त्याला बघून खुर्चीवर चढल्या होत्या आणि शेपू तिथून जाईपर्यंत उतरल्या नव्हत्या. म्हणून तो मळ्यातल्या घरीच राहिला. पेटीत ऊब देणारा एक दिवा होता. रंभाजीची बायको चंद्रकला तो येता-जाता लावायची आणि बंद करायची.

मार्गशीर्षात थंडी उतरायला लागली आणि प्रांजलचा फोन आला.

"नाना, आता कडाका वाढणार आहे म्हणतात. शेपूला बत्तीस अंश लागतात. गारठला तर तो खायचा थांबतो, हलायचा थांबतो, आणि मग मरतो. माझी परीक्षा सोमवारपर्यंत आहे. आई दिवसभर बागेत असते. तुम्ही तालुक्याला जा आणि दिवा आपोआप लावणारं, बंद करणारं यंत्र आणा. आणाल ना? नक्की ना?"

"आणतो की."

रंभाजीलाही शेपूचा लळा लागला होता. सकाळी चहा पिताना शेपू एक डोळा फिरवून त्याच्याकडे बघायचा. गावात रंभाजीकडे न हसता बघणारा तो एकटाच होता.

"आणि दुकानदार काय म्हणतो ते नीट ऐका हं," प्रांजल म्हणाली.

मंगळवारी रंभाजी पारखशेठच्या विजेच्या दुकानात गेला. शेठ फोनवर होते. त्यांनी हातानं खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "बसा."

रंभाजी बसला.

गिऱ्हाइकं आली, गेली. पंखे विकले गेले, गिझर विकले गेले. दोनदा चहा आला. संध्याकाळी शेठ शटर ओढायला उठले तेव्हा त्यांना कोपऱ्यात कोणीतरी दिसलं आणि ते दचकले.

"तुम्ही अजून इथंच?"

"तुम्ही बसा म्हणालात."

"सकाळी म्हणालो होतो. मग काय पाहिजे होतं?"

"उठा म्हणायला पाहिजे होतं," रंभाजी म्हणाला.

तो रिकाम्या हातानं घरी आला. प्रांजलनं फोनवर कपाळाला हात लावला. तो इकडं दिसला नाही, पण चापट बसल्यासारखा आवाज ऐकू आला.

"नाना, दुकानात नुसतं बसायचं नसतं. ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची ते दाखवायचं. आणि मग जे पसंत पडेल ते घेऊन यायचं."

"आता लक्षात राहील," रंभाजी म्हणाला. आणि राहिलं.

बुधवारी तो द्राक्षाचा क्रेट घेऊन दुकानात गेला. ह्या वेळी बसला नाही. क्रेट काउंटरवर ठेवला आणि वरचं पोतं काढलं.

"ह्याच्यासाठी पाहिजे," तो म्हणाला.

शेपूनं जीभ बाहेर काढली. पारखशेठ मागच्या वॉशिंग मशीनवर कधी जाऊन बसले ते त्यांनाच कळलं नाही. दुकानातल्या दोन बायका तिसऱ्या दुकानात निघून गेल्या.

"चावतं का हे?"

"नाही. शाकाहारी आहे. ह्याच्या पेटीतला दिवा आपोआप लागला पाहिजे."

शेठनं खाली न उतरता दोन वस्तू पुढं सरकवल्या. "हा बोलणारा डबा. आपण 'दिवा लाव' म्हटलं की लावतो. आणि हा दुसरा संच. ह्यातला सेन्सर हवा किती गार ते मोजतो. गार झाली की हा प्लग दिवा लावतो, तापली की बंद करतो. आकडा तुमच्या फोनवर दिसतो. कुठला देऊ? लवकर सांगा."

रंभाजीनं विचार केला. पसंत पडेल ते, असं पोरगी म्हणाली होती. वापरणार कोण? शेपू. मग पसंतही त्यानंच करायला पाहिजे. त्यानं दोन्ही वस्तू शेपूसमोर मांडल्या. बोलणारा डबा सकाळपासून गिऱ्हाइकांना दाखवायला चालूच ठेवलेला होता, त्यामुळं कोमट झाला होता. गारठलेला शेपू सरळ त्याच्यावर चढला आणि डोळे मिटून घेतले.

"हा द्या," रंभाजी म्हणाला.

घरी येऊन त्यानं डबा पेटीसमोर ठेवला. शेपू डब्याकडे बघत राहिला. डबा गप्प. शेपूही गप्प. गुरुवारी सकाळपर्यंत दोघांत एक शब्दही झाला नव्हता.

"नाना," प्रांजल फोनवर म्हणाली, "सांगितल्याशिवाय तो डबा काही करत नाही. त्याला सांगणार कोण? शेपू?"

"मी पण त्याचीच वाट बघतोय."

मग प्रांजल एकेक शब्द सावकाश म्हणाली, "ते बोलणारं परत करा. आपल्याला मुकाट्यानं आपलं काम करणारं पाहिजे. कळलं?"

"कळलं."

पारखशेठनं डबा परत घेतला, दुसरा संच दिला, आणि हा माणूस पुन्हा क्रेट घेऊन येऊ नये म्हणून बसवून द्यायला नंदू वायरमनलाही रंभाजीच्या मोटरसायकलवर मागं बसवून पाठवलं. नंदू चांगला कारागीर होता, पण त्याच्या तोंडाला बटण नव्हतं. घरात पाऊल टाकल्यापासून तो सुरू झाला. सरपंचाचं कसं चुकलं, मेहुण्याच्या लग्नात जेवण कसं कमी पडलं, आणि सरडा बघितला की आपल्याला लहानपणापासून कसं होतं. रंभाजीनं थोडा वेळ ऐकलं. मग नंदूला परत मोटरसायकलवर बसवलं आणि दुकानात नेऊन उभं केलं.

"शेठ, हे बोलतंय. परत घ्या. मुकाट्यानं काम करणारं द्या."

शेठनं नंदूकडे बघितलं. नंदूनं शेठकडे बघितलं.

"दुसरा माल नाही," शेठ दमलेल्या आवाजात म्हणाले. "नंदू, तोंड मिटून जा, काम कर आणि ये. एक शब्द बोललास तर हे तुला पुन्हा परत आणतील."

नंदू ओठ घट्ट मिटून आला. त्यानं मुकाट्यानं प्लग लावला, मुकाट्यानं रंभाजीच्या फोनमध्ये बत्तीसचा आकडा भरला, काडेपेटीएवढा सेन्सर रंभाजीच्या तळहातावर ठेवला, पेटीकडे आणि खिडकीकडे आणि वर कुठंतरी हात केला, आणि निघून गेला. सेन्सर कुठं लावायचा ते त्याच्या पोटातच राहिलं.

शुक्रवारी उजाडलं तेच कुडकुडत. चंद्रकला द्राक्षघडांच्या विरळणीसाठी बागेच्या वरच्या अंगाला गेली होती. रंभाजीनं फोन लावला.

"प्रांजू, ह्या सेन्सरचं काय करू?"

प्रांजल पेपरला निघायच्या घाईत होती. "सगळ्यात थंड कोपरा बघा आणि तिथं लावा. तिथं बत्तीस झालं की ऊब पुरेशी झाली समजायची. तोपर्यंत दिवा बंद करू नका."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी रंभाजीला असं काही शोधायला सांगितलं होतं जे त्याला खरोखर माहीत होतं. सगळ्यात थंड कोपरा. वीस वर्षं तो ह्या मळ्यात राबत होता. घराच्या खालच्या बाजूला, पाटाला लागून, बागेचा जो खोलगट कोपरा आहे तिथं गारठा सगळ्यात आधी उतरतो आणि सगळ्यात शेवटी उठतो. तिथल्याच पानांवर दवाचं बर्फ होतं. तो ताठ मानेनं गेला आणि त्यानं सेन्सर वेलींच्या मंडपाच्या बांबूला सुतळीनं पक्का बांधला. दोन गाठी मारल्या.

फोनवर आकडा आला. पाच.

घरात पेटीतला दिवा लखकन लागला. रंभाजीनं घरी येऊन तो बघितला आणि प्रांजलला पुन्हा फोन लावून आकडा सांगितला.

"पाच?" प्रांजलचा आवाज चिरकला. "नाना, पाचमध्ये तो मरेल. दिवा लागलाय का?"

"लागलाय. डोळे दिपतायत."

"तरी पाच? मग सेन्सर लावलाय तिथं ऊब करा. गोधडी घाला, काहीही करा. बत्तीस झाल्याशिवाय माझं चित्त लागणार नाही पेपरात."

ती रडवेली झाली होती. त्यानं गोधडी नेली आणि बांबूला गुंडाळली. सहा झाले. चंद्रकलाची शाल आणली. सहाच. मग त्याला सुचलं. बागेत ऊब करायची रीत काय आज शिकायची होती? त्यानं छाटणीच्या काड्या गोळा केल्या, वर ओलसर पाचट टाकलं, आणि बांबूच्या चारी बाजूंना चार शेकोट्या पेटवल्या. पांढरा धूर बागेवर पसरला.

शेजारचा कारभारी तिडके बांधावर आला. "रंभाजी, ऊन वर आलं. आता कसली शेकोटी? पहाटेच करून मोकळे झालो आम्ही."

"मशीन सहा दाखवतंय."

कारभारीच्या घरी भिंतीवर तापमापक होता. त्यात अकरा दिसत होते. पण तो आजोबांच्या वेळचा, आणि हे मशीन कालच आलेलं. "किती होईपर्यंत ठेवायची?" त्यानं विचारलं.

"बत्तीस."

"बत्तीस?" कारभारीनं पागोटं सरकवून डोकं खाजवलं. थंडीत बाग बत्तीसवर ठेवायची हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. "कोण म्हणतं?"

"प्रांजू."

"मग असेल काहीतरी नवीन निघालेलं. पोरगी कॉलेजात आहे बाबा." आणि तो घाईघाईनं घरी गेला, कारण आपलीच बाग मागं राहिली तर लोक काय म्हणतील. त्याचा धूर बघून त्याच्या पलीकडच्यानं पेटवली. त्याचा बघून पाटापलीकडच्यांनी. नऊ वाजेपर्यंत चाळीस बागा धुरात होत्या आणि शाळेतली पोरं खोकत होती. बत्तीस कशासाठी, हे एकानंही विचारलं नाही.

चंद्रकला डोळे पुसत घरी आली. पेटीतला दिवा सकाळपासून चालूच होता. काच हाताला चटकत होती. शेपू तोंड आ वासून, मान वर करून श्वास घेत होता. तिनं फोन बघितला नाही, आकडा बघितला नाही. झाकण उचललं, शेपूला पदरात घेतलं आणि ओट्यावर सावलीत जाऊन बसली. हळूहळू त्याचं तोंड मिटलं. तिनं जास्वंदीचं फूल पुढं केलं. ते त्यानं देठासकट खाल्लं.

साडेदहाला फोनवर बत्तीस आले. घरातला दिवा आपोआप बंद झाला. पेटीत कोणीच नव्हतं, पण यंत्रानं आपलं काम मुकाट्यानं केलं.

पेपर सुरू व्हायला दहा मिनिटं होती. रंभाजीनं घरी येऊन घाम पुसत फोन लावला.

"प्रांजू, बत्तीस झाले."

"आणि शेपू?"

"आईच्या मांडीवर आहे. जास्वंद खातोय."

प्रांजलनं असा श्वास सोडला की रंभाजीला तो कानाला गरम लागला. "नाना, कमाल केलीत तुम्ही. खरंच. आता काहीसुद्धा बदलू नका. सोमवारी मी येईपर्यंत जसं चाललंय तसंच चालू ठेवा."

असं कौतुक रंभाजीचं कोणी केलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, थोडे धुरानंही. तो तडक ग्रामपंचायतीत गेला, शिपायाला बाजूला सारलं आणि भोंग्याचा माइक हातात घेतला.

"पिंपळथडीकरांनो, रंभाजी बोलतोय. शेकोट्या विझवायच्या नाहीत. सोमवारपर्यंत गाव बत्तीसवर ठेवायचंय. ज्यांचं सरपण संपेल त्यांनी माझ्या मंडपाचे बांबू काढून न्यावेत. यंत्र बांधलंय, तो एक तेवढा सोडून."