एस्तेरबाईने लावलेली बोली

"सोमवारी दुपारपर्यंत खोल्या रिकाम्या झाल्या पाहिजेत!" चर्चच्या हॉलच्या दारात उभं राहून दादासाहेब कसोट्यांनी हुकूम सोडला. चर्चमागची चार खोल्यांची चाळ त्यांची. तीन खोल्यांत भाडेकरू, चौथीला कुलूप. त्यांना तिथे आता कापसाचं गोदाम करायचं होतं.

हॉलमधून एस्तेरबाई हातात पळी घेऊनच धावत आली. बेघर माणसांना या हॉलमध्ये चर्चतर्फे आसरा मिळे. ज्याची चटई अंथरली त्याचं ताट वाढलं, असा तिथला नियम. रांधायचं काम एस्तेरबाईचं. रांधायची म्हणजे पातेलं चुलीवर चढवायची, पुढचं सगळं देवाच्या हाती! ती स्वतःच सांगे, "माझी आमटी चार दिस खाल्ली, की माणूस आपनहून घर शोधाया लागतो. पाळकसाहेब त्याला देवाची कृपा म्हनत्यात!"

आज मात्र तिला थट्टा सुचेना. चाळीतली तिसरी खोली तिचीच होती. पहिल्या खोलीत पाय मोडलेला योहान शिंपी, दुसरीत सुलभा नि तिचं दीड महिन्याचं लेकरू. हॉल तर आधीच गच्च भरलेला. या सगळ्यांनी जायचं कुठं?

"दादासाहेब, मानसं रस्त्यावर आन् कापूस घरात?"

"कापूस कुरकुर करत नाही, एस्तेर. छप्पर गळलं तरी गप्प असतो."

"गळूद्या तर खरं! तुमचा कापूस माझ्यापरीस जास्त वराडंल!"

उत्तर दादासाहेबांना आवडलं. पण अडून बसणं त्यांना त्याहून आवडे. त्यांनी हॉलमधल्या चटयांवरून नजर फिरवली आणि मिशीवर ताव दिला.

"पैज लावतो! या भणंगांपैकी कुणाकडेही असं एक काहीतरी दाखव, जे माझ्याकडे नाही आणि मी माझ्या तोंडानं मागेन. रविवारी सुगीचा सण आहे, तोवर मुदत. मी मागितलं, तर भाडेकरू आहे त्या भाड्यात जन्मभर राहतील. नाही मागितलं, तर तुझीही चटई याच हॉलमध्ये!"

"चटईचं काय न्हाई, दादासाहेब. पर मलाच माझी आमटी खावी लागंल, त्याचं भ्या वाटतंय!"

पैज तर घेतली. डोकं चालवायला बसलं की एस्तेरबाईला आधी भूक लागे. भूक लागली की आमटी आठवे, आणि आमटी आठवली की भूक मरे. डोकं मात्र होतं तिथंच! असे दोन दिवस गेले. शनिवारी हॉलमधले गेनूआबा हळूच चुलीपाशी आले. म्हातारा दोन वर्षांपासून तिथेच निजत होता.

"बाय, उद्या सनाला समदी मंडळी देवापुढं कायतरी ठेवनार. माझ्यापाशी ही हातानं इनलेली शिंदीची चटई तेवढी हाय. ठिवू का?"

"मग निजशीला कशावर, आबा?"

"त्यो बघंल की," म्हाताऱ्याने आभाळाकडे बोट दाखवलं.

एस्तेरबाईने त्या चटईकडे निरखून पाहिलं. आणि मग युक्ती सुचून ती अशी काही उडाली की पळी थेट आमटीत! आमटीचं त्याने काही बिघडलं नाही, बिघडायला काही उरलंच नव्हतं.

सुगीच्या सणाला प्रत्येकजण काहीतरी आणून ठेवी. उपासना झाली की त्याचा लिलाव होई. बोली ज्वारीत लागे, आणि ती ज्वारी हॉलच्या चुलीसाठी जाई. झाकून आणलेलं दान झाकूनच विकायचं आणि बोली संपेपर्यंत देणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिथली जुनी रीत. दादासाहेबांचीही एक रीत होती. शेवटची बोली दुसऱ्याला म्हणून लावू द्यायची नाही! मागच्या साली त्यांनी एका लिंबापायी पोतंभर ज्वारी घातली होती.

लिलाव पुकारणाऱ्या शमुवेल मास्तरांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, झेंडूच्या माळेनं बांधलेली एक वळकटी उचलली. "बोला मंडळी!"

"एक पोतं!" दादासाहेब गरजले.

"दोन!" बायकांच्या बाजूने आवाज आला. तो आपलाच आहे हे कळल्यावर एस्तेरबाई स्वतःच दचकली. तिच्या डब्यात दोन भाकरींची ज्वारी होती!

"तीन!"

"चार!" एस्तेरबाईने आणखी एक चढवलं. दादासाहेब इथेच थांबले तर? चार पोती ज्वारी तिने उभ्या जन्मात एका जागी पाहिली नव्हती.

दादासाहेबांनी मागे वळून पाहिलं. "स्वैपाकीण माझ्यावर बोली लावते? दहा पोती! मला ते पाहिजे म्हणजे पाहिजे, मास्तर! आणा इकडे!"

एस्तेरबाई मटकन खाली बसली. "सुटले रे देवा!"

कापड सुटलं, आणि दादासाहेबांच्या मांडीवर जुनी चटई उलगडली.

"हे काय?"

"हॉलमधल्या गेनूआबांची चटई. तुमच्याकडं पलंग हाय, गाद्या हायती, गालिचे हायती. असली चटई न्हाई. आन् ती कुनी मागितली, ते साऱ्या मंडळीनं ऐकलं!"

"पण ती झाकलेली होती! मला काय ठाऊक?"

"मागल्या सालचं लिंबू तर उघडंच व्हतं. तवा तरी कुठं बघितलंत?"

सगळं चर्च खदखदलं. पाळकसाहेबांनी गीतांच्या पुस्तकात तोंड लपवलं. दादासाहेबांचे कान लाल झाले.

"बरं! शब्द म्हणजे शब्द. भाडेकरू राहतील. आणि ही घ्या चटई परत."

"अहो, देवापुढचं दान माघारी देत्यात व्हय? चटई तुमची झाली. आता म्हातारं गार फरशीवर कसं निजायचं, तेवढं सांगा. तुमची चौथी खोली आपली कुलूप लावून उगाच बसलीय, म्हनून इच्यारलं."

 दादासाहेब असे हसत सुटले की बाक करकरला. त्यांनी कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढली आणि गेनूआबांच्या हातावर ठेवली.

"आता तुला काय बक्षीस देऊ, एस्तेर?"

"ते मागनं. आधी हॉलमधी चला. ज्याची चटई त्याचं ताट!"

शब्दाचा पक्का माणूस! दादासाहेब चटई अंथरून बसले. आमटीचा पहिला घोट घेतला. डोळ्यांत पाणी तरळलं. मग पुन्हा हसू फुटलं ते आवरेना.

"उद्यापासून माझा आचारी इथे रांधेल! पगार माझ्याकडून! तुझाही पगार चालू, पण तू पळीला हात लावायचा नाही. नुसती बोली लावायची! हेच तुझं बक्षीस!"

एस्तेरबाईने पळी तिथल्या तिथे खाली ठेवली. हॉलमधल्या माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि त्यात सगळ्यांत जोरात टाळी एस्तेरबाईची होती!